लोभ, माया आणि ‘एक अनुभवी प्राध्यापक’

दादा, तुझ्यावर चार ओळी गोड लिहायला मला सांगितलंय. रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा आहे आणि त्या दिवशी वाटायच्या पत्रकात बहिणीचा मजकूर हवा, असं सेक्रेटरींचं म्हणणं. वहिनी म्हणाली, “ललिता, तू इंग्रजीची प्राध्यापिका, तुला काय अवघड आहे?” अवघड काहीच नाही. फक्त गोड येत नाहीये. तुला जाऊन अकरा दिवस झाले आणि अकराही दिवस मी तुझ्याशी भांडतेय. भाजी निवडताना भांडते, मेट्रोत भांडते, अंघोळीला गेले की तिथेही. डोळे लाल बघून लोकांना वाटतं, बिचारी रडली असेल. कसलं रडणं! संताप आहे नुसता.

मंडळाला मी दुसरं काहीतरी देईन. त्यात ‘मनमिळाऊ’ असेल, ‘हसतमुख’ असेल, आणि ‘पोकळी’ तर असेलच. हे मात्र तुला लिहितेय. वहिनीनं चुकून वाचलं तर वाचू दे.

निगमबोध घाटावर तुला पोचवायला तुझ्या मिनिस्ट्रीतले लोक आले होते. त्यांना तू सेक्शन ऑफिसर म्हणून माहीत. मंडळातल्यांना गणपतीच्या वर्गणीची पावती नीट फाडणारा म्हणून माहीत. वसुंधरा कॉलनीतल्या तुझ्या सोसायटीतल्यांना लिफ्टवरून भांडणारे अंकल म्हणून. आणि एका कोपऱ्यात नई सडकेवरचे बन्सलजी उभे होते, तुझे प्रकाशक, रुमालानं मान पुसत. त्या सगळ्या गर्दीत बन्सलजी, वहिनी आणि मी, एवढ्या तिघांनाच माहीत होतं की बी.ए.च्या इंग्रजीच्या पोरांसाठी जुन्या कादंबऱ्या-नाटकांची जी गाइडं निघतात, ज्यांना दिल्लीत कुंजी म्हणतात, ज्यांच्या कव्हरवर लेखक म्हणून ‘एक अनुभवी प्राध्यापक’ एवढंच छापलेलं असतं, तो प्राध्यापक म्हणजे तू. अनुभव तुला फाइलींचा होता. प्राध्यापक मी होते.

हे सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं मला तिथे. नाही सांगितलं. तुझं नाव राखायची सवय लागलीये.

तू आधी असा नव्हतास, हाच तर माझा राग आहे. तू पहिल्यापासून कुंजीवालाच असतास तर मी तुला केव्हाच सोडून दिलं असतं. पण मला आठवतं ना सगळं. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर, मागचं ते चिमूटभर अंगण, हिवाळ्यातलं दुपारचं ऊन, बाबांची निवारीची खाट. मी नववीत, तू बी.ए. इंग्रजी ऑनर्सच्या शेवटच्या वर्षाला. तुला अभ्यासाला ती जाडजूड इंग्रजी कादंबरी लागली होती, उत्तरेकडच्या ओल्या गावातल्या म्हाताऱ्या पाद्र्याची आणि त्याच्या थोरल्या मुलीची. तू मला ती आख्खी वाचून दाखवलीस. एक वाक्य इंग्रजीत, लगेच मराठीत. पाद्र्याचा आवाज काढायचास, बाबांसारखा घसा खाकरून. मुलीला मागणी आली की त्या बापाच्या छातीत दुखायला लागायचं, आणि तू छातीवर हात ठेवून खाटेवर असा आडवा व्हायचास की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “अरे, अभद्र काय करतोस!”

शेवटचं प्रकरण राहिलं तेव्हा तू पुस्तक मिटलंस आणि माझ्या मांडीवर टाकलंस.

“पुढे?”

“पुढे तू वाच.”

“मला नाही येत एवढं इंग्रजी.”

“येईल. नाही आलं तर बस रडत. पण शेवट मी सांगणार नाही.”

चार दिवस मी बाबांची डिक्शनरी घेऊन बसले आणि खरंच रडले. शेवट कळला तेव्हा पुन्हा रडले, ते वेगळं. त्या चार दिवसांनी माझं पुढचं सगळं ठरवलं, दादा. ह्याबद्दल मी तुझे आभार मानते आणि पुढच्या ओळीत परत घेते.

कारण ज्यानं मला शेवट सांगायला नकार दिला, त्यानंच तो नंतर पहिल्या पानावर छापला. तुझी पहिली कुंजी त्याच कादंबरीची. ‘कथासार’, परिच्छेद पहिला, ओळ तिसरी: मुलगी शेवटी काय करते ते. माझे चार दिवस तू एका ओळीत संपवलेस.

मधे काय झालं ते मला माहीत आहे, कुणी शिकवू नये. बाबा नोकरीत असताना गेले. तू एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतास. अनुकंपा म्हणून त्यांच्या जागी तुला क्लार्क घेतलं, म्हणून क्वार्टर राहिलं, आई राहिली, माझं कॉलेज झालं. तू एका शब्दानं कधी बोलला नाहीस. एम.ए.ची पुस्तकं पेटीत भरलीस, त्यावर गाद्या रचल्यास आणि सकाळी डबा घेऊन निघालास. बोलला असतास तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्यास, एखादं ताट आपटलं असतंस. ते सगळं गिळलंस आणि मग ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीनं नई सडकेला जाऊन कुंजी लिहायला लागलास. पुस्तकांचा सूड पुस्तकांवरच उगवलास असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

आणि मी तुझी मदतनीस. ऑनर्सला होते, वर्गातल्या ताज्या नोट्स असायच्या. सहा वाजता तू ऑफिसातून यायचास, हात-पाय धुवायचास, चहा प्यायचास आणि कार्बन लावून कागद पुढ्यात घ्यायचास.

“हं लली, बापाचं पात्र. पाच मुद्दे. बोल.”

“पाचात नाही बसत ते पात्र.”

“मग सहावा मुद्दा काढून टाक.”

सगळ्या उत्तरांना एकच शेवट असायचा, ‘दस वी सी दॅट’. मी म्हणायचे, अरे, काय ‘सी’? कुणालाच काही दिसलेलं नाहीये अजून. तू म्हणायचास, परीक्षकाला दिसतं, बस. वर आणखी तुझी ती युक्ती. एक उत्तर असं लिहायचं की पहिली दोन वाक्यं बदलली की ते चार प्रश्नांना चालावं. “मुलांना काय, पाठ एकच करायचं, यार.” मला हसू यायचं, आणि लाजही वाटायची. हसू आधी यायचं हे कबूल करते.

आता मुद्द्यावर येते. पाच नाहीत, एकच आहे.

एम.ए. झाल्यावर मला हैदराबादला संशोधनासाठी जागा मिळाली होती. फेलोशिपसकट. पत्र आलं त्या आठवड्यात संक्रांत होती आणि मंडळाची बस नेहमीप्रमाणे पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला निघाली होती. मी पत्र पर्समध्ये घालून नेलं, म्हटलं तिथे निवांत सांगू. स्तंभाला हार घातला, घोषणा झाल्या, कुणीतरी भाऊसाहेबांवर दरवर्षीचं भाषण केलं, मग सगळे गवतावर सतरंज्या टाकून डबे उघडून बसले. मी पत्र तुझ्या हातात दिलं. तू वाचलंस. दोनदा वाचलंस. पुरीचा घास तसाच हातात.

“आईकडे कोण बघणार, लली? तिचा दमा. मला ऑफिस.”

मी पत्र परत पर्समध्ये ठेवलं. मग तू म्हणालास, “यहीं कर ले यार. दिल्ली में क्या कमी है?”

हिंदीत म्हणालास. आपण घरातलं काही हिंदीत बोलत नसू, दादा. डीटीसीच्या कंडक्टरशी हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, बन्सलजींशी हिंदी. मला तू हिंदीत सांगितलंस तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी तिळगूळ खाल्ला आणि बसमध्ये जाऊन बसले.

नाही गेले. त्या वर्षी आपण सात कुंज्या काढल्या. कव्हरवर तू, आत मी. आणि जिच्याकडे बघायला मी थांबले होते ती आई पिशवी घेऊन स्वतः सरोजिनी नगरच्या बाजारात जाऊन मेथी आणत होती.

तेव्हा मी काही बोलले नाही, कारण आईसाठी थांबले अशी माझी समजूत होती. आणि समजूत चांगली होती, तिच्यावर मी बरीच वर्षं काढली. पीएच.डी. इथेच केली, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला. वाईट काही झालं नाही. हैदराबादला जाऊन मी काही फार मोठे दिवे लावले असते असंही नाही. पण आई जायच्या आधीच्या उन्हाळ्यात तिच्या केसांना तेल लावत होते, आणि असंच काहीतरी निघालं, तर ती म्हणाली, “तू गेली असतीस तर मला आवडलं असतं गं. पण दादा म्हणाला, तिचंच मन नाही.”

माझंच मन नाही! मला सांगितलंस आईचा दमा, आईला सांगितलंस ललीचं मन नाही. माझ्या हातातली तेलाची वाटी कलंडली, चादरीवर. आईला वाटलं तिचं काही चुकलं.

त्या दिवसापासून मला तुला एकच विचारायचं होतं. मला का थांबवलंस? मी गेले असते तर तुला घर खायला उठलं असतं म्हणून? की तुझ्या कुंज्या कुणी लिहिल्या असत्या म्हणून? की तुला जे करता आलं नाही ते मी केलेलं बघवलं नसतं म्हणून? तिन्हींपैकी एक सांगितलं असतंस तरी चाललं असतं मला. तिसरं सांगितलं असतंस तर मी तुला जवळ घेतलं असतं रे. पण मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस, आणि दर भाऊबीजेला मी तुला ओवाळत राहिले.

एकदा जवळपास विचारलं होतं. तुला कळलं होतं की नाही, ह्यावर मी अजून अडकलेय.

युनिव्हर्सिटीचे पेपर तपासायला बसले होते. मोठा हॉल, लांब टेबलं, प्रत्येकासमोर गठ्ठा. त्याच कादंबरीवरचा प्रश्न होता. पहिल्या उत्तरपत्रिकेत लिहिलेलं, ‘द फादर वॉज फुल ऑफ ग्रीड अँड वेल्थ फॉर हिज डॉटर.’ बापाच्या मनात मुलीबद्दल हाव आणि संपत्ती भरली होती! मला वाटलं, पोरगा दमला असेल. दुसऱ्या पेपरातही तेच. पाचव्यात, नवव्यात, अकराव्यात. शेजारची मिसेस भाटिया हसून हसून बेजार. “अरे यह किस कुंजी का कमाल है?” तिनं विचारलं. मी तिच्याबरोबर हसले. घरी येऊन तुझी कुंजी काढली. इंग्रजी-हिंदी शब्दार्थाचं पान. ‘अफेक्शन: लोभ, माया.’

अरे देवा! शब्दार्थ तू स्वतः करायचास, तुझी हिंदी फार चांगली अशी तुझी समजूत. जन्म दिल्लीत, ऑफिसात हिंदी, आणि जिव्हाळा म्हटल्यावर तुझ्या हातून आले ते आईचे शब्द. आपण पत्राखाली ‘लोभ असावा’ लिहिणारी माणसं. आईची माया, आजीची माया. रोहतकच्या पोराला काय माहीत? त्याच्या घरी लोभ म्हणजे हाव आणि माया म्हणजे तिजोरीतली. त्यानं इमानदारीनं पाठ केलं आणि इमानदारीनं इंग्रजीत उतरवलं.

मी तावातावानं तुझ्याकडे आले. तू इतका हसलास की चष्मा काढून पुसावा लागला तुला. वहिनी धावत आली काय झालं म्हणून.

“दुरुस्त कर,” मी म्हटलं.

“करू पुढच्या आवृत्तीत.”

“दादा, माझ्या कॉलेजातले हसतायत.”

“त्यांना कुठे माहीत आहे कोणी लिहिलंय! चलो, चहा घे.”

पुढच्या आवृत्तीत तेच. त्याच्या पुढच्यात तेच. मी दर वेळी सांगायचे, तू दर वेळी ‘बिल्कुल’ म्हणायचास. हे फक्त तुझ्यामाझ्यातच होऊ शकतं. दुसऱ्या कुठल्या माणसानं ही चूक केली नसती आणि दुसऱ्या कुठल्या बहिणीला ती कळली नसती.

मग पुढच्या कुठल्याशा वर्षी एक पेपर आला. अक्षरावरून मुलीचा वाटला. तिनंही सुरुवात ‘ग्रीड’नंच केली होती. पण ही पोरगी तिथे थांबली नाही. तिनं लिहिलं होतं की बापाला मुलगी हवी होती, जशी एखाद्याला जमीन हवी असते. मुलीला मागणी आली की त्याच्या छातीत दुखतं, आणि मागणी परत गेली की तो दोन वाट्या सूप पितो, हे तिनं प्रकरणांसकट दाखवलं होतं. सूप! मी ती कादंबरी पंधरा वर्षं शिकवत होते आणि ते सूप मला कधी दिसलं नव्हतं. तुझ्या चुकीच्या शब्दाला धरून ती पोरगी सरळ पुस्तकात शिरली होती. तिनं पुस्तक वाचलं होतं, दादा. मी तिला त्या गठ्ठ्यातले सगळ्यात जास्त मार्क दिले.

त्या रविवारी तुझ्याकडे आले आणि हे सगळं सांगितलं. तुझ्याकडे न बघता सांगितलं. “बापाला तिचा लोभ होता म्हणून त्यानं तिला घरात ठेवलं, असं लिहिलंय तिनं. आजारपण वगैरे निमित्त.”

तू हातातल्या वर्तमानपत्राची घडी केलीस. मग त्या घडीची घडी केलीस.

“हुशार आहे मुलगी,” तू म्हणालास. आणि मग, “चहा टाकायला सांगू?”

मी हो म्हटलं. का म्हटलं? नको म्हणायला हवं होतं, समोर बसून विचारायला हवं होतं. पण चहा आला, बिस्किटं आली, वहिनीनं तिच्या भाचीच्या लग्नाचा विषय काढला. आणि मी मयूर विहारची बस पकडून घरी आले.

शेवटचं भांडण तर तू जिंकलास. ते मला सगळ्यात जास्त झोंबलंय. गेल्या महिन्यात आले होते तेव्हा तुझ्या नाकात नळी, शेजारी ते ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. मी ठरवून आले होते, आज विचारायचंच. आणि तू काय काढलंस, तर कुंजीची नवी आवृत्ती! “सिलॅबस बदललाय, पण ती कादंबरी ठेवलीये त्यांनी. लली, एक नवा प्रश्न दे.”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “तुझ्या कुंज्यांनी दोन पिढ्यांचे डोळे फोडले. आता त्याचंच पीडीएफ करून पोरं फोनवर फिरवतात. पुस्तकाला कुणी हात लावत नाही. आणि मी तुला प्रश्न देऊ?”

तू नळी सरळ केलीस. दम घेत घेत, एकेक शब्द. “तुझ्या वर्गात किती जण पुस्तक वाचून यायचे?”

“चार-पाच.”

“बाकीचे?”

मी तुझी उशी सरळ केली.

“बाकीचे सोनीपतहून, बागपतहून यायचे. दोन बस बदलून. इंग्रजीचं पान उघडलं की घाम फुटायचा त्यांना. तू त्या चौघांना शिकवलंस, लली. चांगलं शिकवलंस. बाकीच्यांचा हात कुणी धरायचा?”

सदतीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी, आणि पर्स उचलून निघाले. उत्तर रिक्षात बसल्यावर सुचलं, की हात धरायचा तर चालायला तरी शिकवायचं होतंस. पण तोवर रिक्षा मोहननगरला पोचली होती. वाटलं, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी तू आयसीयूत होतास.

परवा बन्सलजी तुझ्या घरी आले. वहिनीला नमस्कार करून, पाणी पिऊन, पिशवीतून नव्या आवृत्तीची प्रुफं काढली. “मास्टरजी अस्पताल जाने से पहले देख गए थे. बस आप एक नज़र डाल दीजिए.” आणि मग खाली बघत म्हणाले की ह्या वेळी कव्हरवर ‘एक अनुभवी प्राध्यापक’ नको, तिथे माझं नाव टाकावं असं तू सांगून गेलायस. वहिनीनं मान हलवली. “ह्यांची फार इच्छा होती गं.”

वा रे वा! सगळ्या आयुष्यात नाव दिलं नाहीस, आणि रिटायर झाल्यावर, तू नसताना, माझं नाव कुंजीवर! मिसेस भाटियाला कळलं तर काय म्हणेल ती? हा तुझा मोठेपणा होता, की माफी, की शेवटचा एक टोला, हेसुद्धा तू मलाच शोधायला ठेवलंस.

प्रुफं घेऊन मी तुझ्या खोलीत बसले. शब्दार्थाचं पान आलं. ‘लोभ, माया’वर तू काट मारली होतीस. बाजूला ‘स्नेह’ लिहिलं होतंस. आत्ता! इतक्या वर्षांनी, नाकात नळी घालून, तुला दुरुस्ती सुचली. मी बराच वेळ त्या काटेकडे बघत बसले आणि मग मला असा काही राग आला म्हणून सांगू. म्हटलं, असं कसं? शब्द बदलून मोकळा होतोस? मी लाल पेन घेतलं, तुझं ‘स्नेह’ खोडलं आणि ‘लोभ, माया’च्या खाली टिंबं दिली. समासात लिहिलं, मूळ मजकूर कायम. वाचू देत पोरांना जो अर्थ लावायचा तो लावून. एखादीला पुन्हा सूप दिसेल.

मग प्रश्नांची पानं. वीस महत्त्वाचे प्रश्न, त्यांची वीस उत्तरं, बहुतेक माझीच, कार्बनच्या काळातली. विसाव्याच्या खाली पेन्सिलीनं तू लिहिलं होतंस, ‘प्र. २१: लली’. पुढे अर्धं पान मोकळं.

तू मला काय विचारत होतास, दादा? की मला विचारायला सांगत होतास? तुला त्या रविवारी सगळं कळलं होतं का? असेल तर चहा कशाला टाकायला सांगितलास? आणि कळलं नसेल, हे नुसतं कुंजीतलं एक काम असेल, तर मग मी उगाच त्या पेन्सिलीच्या अक्षरावर बोट ठेवून बसले होते. काहीही असेल. मी प्रश्न लिहिला. इंग्रजीत, तुझ्याच पद्धतीनं, परीक्षेत येतात तसा: बापानं मुलीला जाऊ दिलं नाही, ते तिच्यावरच्या प्रेमापोटी की स्वतःसाठी? सविस्तर लिहा.

लिहून झाल्यावर रडले मी. वहिनीला आवाज गेला असावा, पण ती आत आली नाही.

आज सकाळी बन्सलजींचा फोन आला. “मैडम, इक्कीस नंबर का जवाब रह गया.”

“रहा नहीं है. जवाब नहीं है.”

“मैडम, कुंजी में जवाब नहीं होगा तो बच्चा कुंजी लेगा क्यों?”

“मत लेने दीजिए.”

ते हळू आवाजात म्हणाले, “तो फिर आधा पन्ना खाली छोड़ दूँ?”

“पूरा छोड़िए,” मी म्हटलं. “और हाँ, नाम मेरा डाल दीजिए.”

सोमवारी छापायला जाईल. माझं नाव, प्रश्न एकवीस, आणि एक कोरं पान. तुझ्या पोरांना वाटेल छपाईची चूक आहे. मी मात्र त्या पानासमोर बसणार, उरलेली वर्षं, तुझी तिन्ही कारणं आलटून पालटून लिहून बघत, आणि एकही खरं की खोटं हे सांगायला कुणी नाही. मला विचारायला धीर झाला नाही, ही माझी चूक, मान्य. पण तुला तर मुद्दा माहीत होता. पाच नको होते, एकच पुरला असता. मेल्या, उत्तर देऊन तरी जायचंस.